बुडावरचं नाव

“उर्वशी, आत्ताच्या आत्ता ये. बरणीच्या बुडाचं नाव बोटाले टोचून राह्यलं.”

सत्यशीलाबाईंचा फोन आला तेव्हा उर्वशी केळापूरला, वडिलांच्या चाकाशेजारी बसून जर्मनीहून आलेली ईमेल वाचत होती. ती पांढरकवड्याच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची. वडील कुंभार. म्हणूनच बाईंनी परवा फोनवर त्यांच्या बरणीवरचं नाव शोधायचं काम तिच्यावर सोपवलं होतं.

सत्यशीलाबाई निवृत्त नर्स. त्यांना नर्सिंग शिकवणाऱ्या जर्मन सिस्टर आनेलीज चौऱ्याहत्तर साली मायदेशी परतताना एक करडी-निळी बरणी देऊन गेल्या. “माझ्या आजोबांनी घडवली. माझी माणसं शोधायची झाली, तर बुडावरचं नाव दाखव,” असं सांगून गेल्या. पुढे पत्रं थांबली. नाव म्हणजे झिलईत बुडालेली दोन गुंतलेली अक्षरं. ती कोणालाच वाचता आली नाहीत. आता बाईंची दृष्टी गेली होती. रोज त्या ती अक्षरं बोटानं चाचपत.

काल त्यांचा भाचा नयन यानं बुडाचा फोटो पाठवला. त्यात चक्क एक पूर्ण नाव दिसत होतं. उर्वशीनं तो जर्मनीतल्या एका संग्रहालयाला पाठवला. उत्तर आलं: नाव एका नामांकित कारखान्याचं आहे, पण तो साच्यातला माल काढायचा. तुमची बरणी चाकावरची दिसते.

अर्ध्या तासात ती बाईंच्या घरी पोचली. पुढच्या खोलीत नयनचं नावाच्या पाट्या कोरायचं दुकान होतं. तो दगड कापत होता.

उर्वशीनं बरणी उलटी धरली. सगळं बूड चकचकीत, नावाभोवतीचा भाग मात्र कोरडा. अक्षरांच्या खोबणीत हिरवट भुकटी.

“मावशी, बरणी घराबाहेर गेली होती?”

“मंगळवारी. शाम जुन्या वस्तू घेते, त्यानं नाव वाचून पाहाले नेलती.”

“परत कोणी घेतली?”

“नयननं. माह्या हाती आज आली.”

तिनं शामला फोन लावला. “तुम्ही बरणी विकत काहून नाही मागितली?”

“नावच वाचता येत नव्हतं, मॅडम. बिननावाची वस्तू कोण घेते?”

तिनं नयनला आत बोलावलं. “बुडावरचं नाव खोटं आहे, नयन.”

“मग शामनंच घासलं असंन,” तो म्हणाला.

उर्वशीनं बूड त्याच्याकडे वळवलं. “घासलं, असं मी म्हटलं नाही.”

नयननं हात पँटला पुसले.

“कुंभार नाव ओल्या मातीत कोरतो,” ती म्हणाली. “मग भट्टी लागते आणि झिलई खोबणीतही उतरते. म्हणून जुनी अक्षरं गुळगुळीत होती. ही झिलई फोडून कोरली, म्हणून टोचतात. शामनं हे केलं असतं, तर बरणी परत कशाला दिली असती? नामांकित नावानं तर ती त्यालाच हवी असती. आणि ही हिरवी भुकटी दगडाच्या पॉलिशची आहे. तुझ्या दुकानातली.”

सत्यशीलाबाईंनी आवाजाच्या दिशेनं तोंड वळवलं. “नयन?”

“मी केलं, आत्या.” तो खाली बसला. “तू रोज विचारत होती, कोणाची हाये, कोणाची हाये. मले वाटलं, एक नाव भेटलं तर तुले चैन पडंन. नेटवर पाह्यलं आन् कोरलं.”

“आधी फोटो काढला होतास?” उर्वशीनं विचारलं.

“नाही.”

“किती खोल घासलं?”

“अक्षरं पार जाईपर्यंत.”

उर्वशीनं उजेडात बूड तिरपं धरलं, अंगठा फिरवला, पुन्हा फिरवला. काही नव्हतं. नाव कोणी पुसलं ते कळलं होतं, आणि तिला करण्यासारखं काहीच उरलं नव्हतं. पोलिसांत कोणती तक्रार द्यायची? भाच्यानं मायेनं केलं, अशी?

बाईंनी नयनचा हात शोधून धरला. आवाजात राग नव्हता.

“घासताना तुले दिसलं असंन ना रे, कोणती अक्षरं होती?”

नयननं मान खाली घातली.

“मी पाह्यलंच नाही, आत्या. लई धूळ होती.”