तिसरी जागा

"शपथ घेऊन सांगतो, तुमच्यातला एकही माणूस यावर विश्वास ठेवणार नाही," असं म्हणत वामनराव शेलटकरांनी उजवा हात कॅरमबोर्डावर ठेवला. ठेवला खरा, पण तळवा काही बोर्डाला टेकेना. करंगळी आणि शेजारचं बोट गळाच्या आकड्यासारखी आत वळलेली.

रत्नागिरीच्या त्या कॅरम क्लबात पाण्याच्या कूलरशेजारी तंतुदर्शक बसवला होता. काचेवर पंजा ठेवला की कातडीखालचे धागे पडद्यावर दिसत. निरोगी हिरवे, गाठाळलेले लाल. एका जागेचे धागे बिघडले असतील, तर त्यांचे भाऊबंद शरीरात आणखी कुठे बिघडलेत तेही यंत्र दाखवी. चारचौघांसमोर. वामनराव त्या काचेकडे फिरकत नसत.

त्यांचा भिडू गजानन खेडेकर मात्र बेधडक पंजा ठेवून मोकळा झाला होता. दोघांची बोटं बरोबरच वळू लागलेली. पण गजाननचा हात आता पाटासारखा सपाट. स्ट्रायकर असा मारायचा, की सोंगट्या आपण होऊन भोकात उड्या घेत. वामनरावांना त्या हाताकडे बघवत नसे. संध्याकाळी तोच हात सुलभावहिनींच्या हातात गुंफून तो भाट्याच्या किनाऱ्यावर फिरे, ते तर मुळीच बघवत नसे. हसायची दोघं, नवीन लग्न झाल्यासारखी!

"लाज कसली त्यात?" गजानन आजही म्हणाला. "तळहातातली जाळी जाड होऊन तिची दोरी होते, ती बोट आत ओढते. तीच खोड तळपायाला. आणि आपल्या पुरुषांत आणखी एका जागी. तिथंही वाकतं, तिथंही दुखतं. माझ्या तिन्ही निघाल्या. औषधाच्या सुया टोचल्या, दोऱ्या विरघळल्या. ठेव पंजा."

वामनरावांच्याही तिन्ही होत्या. म्हणून तर वर्षभर ते घोरण्याचं निमित्त सांगून बाहेर ओटीवर झोपत होते.

"माझं वेगळं आहे रे," ते घाईने म्हणाले. "मिऱ्याच्या समुद्रात गळाची दोरी या दोन बोटांना गुंडाळली होती. लागली पाकट मासळी! केवढी? या क्लबाचं छप्पर झाकेल एवढी. होडीसकट ओढत नेलंन मला गणपतीपुळ्यापर्यंत. तिथे देवळातली घंटा वाजली, तेव्हा कुठे नमस्काराला थांबली. बोटं तेव्हापासून अशीच."

क्लब खो खो हसला. दारातून मात्र आवाज आला, "खोटं!"

शालिनीताई चहाची किटली घेऊन उभ्या होत्या. "होडीत पाय ठेवला की उलट्या होतात तुम्हाला. गळ कुठला धरताय!"

हसणं थांबलं. गजानन मान खाली घालून सोंगट्या रचायला लागला. शालिनीताई किटली ठेवून नवऱ्याजवळ आल्या आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "सुलभाने कालच सांगितलं मला, या दुखण्याचं. हातात हात घालून फिरताना बघून किती जळले मी तिच्यावर! आणि ओटीवर तुम्ही कूस बदललीत, की आत मी एकेक बाई आठवून बघायचे. ही असेल, की ती असेल."

त्यांनी ती वाकडी बोटं मुठीत धरली.

"अहो, खरं सांगा. बाई कुणी नाहीच ना? ही दोरीच आहे ना?"