अडतिशीचा आडोसा

दगडी चढावर ग्रीटची सायकल घसरली आणि मागून आलेल्या माणसाने तिला दंडाला धरून सावरलं. बारीक पाऊस पडत होता.

"चढावर ब्रेक कोण दाबतं, बाई?"

"ज्याला मरायची घाई नसते, तो."

तो खो खो हसला. योरिस त्याचं नाव. सोळा वर्षं तो एका संघाकडून सायकलच्या शर्यतींत उतरत होता... स्वतः जिंकायला नव्हे, तर पुढे राहून तरण्या पोरांना वाऱ्यापासून आडोसा द्यायला. ती पोरं त्याला 'आजोबा' म्हणत.

"आणि आजोबांचं वय?"

"उतारावर अडतीस. चढावर साठ!"

त्या हिवाळ्यात बेल्जियममधल्या फ्लँडर्सचे चिखलाचे रस्ते तुडवून तो थेट ग्रीटच्या स्वयंपाकघरात यायचा. गारठलेले पाय शेगडीपाशी धरायचा, दोन वाट्या सूप प्यायचा आणि तिच्याकडे नुसता बघत बसायचा...

"काय बघतोस?"

"थांबल्यावर कसं वाटतं, ते."

मार्चमध्ये संघाची वैद्यकीय तपासणी निघाली ती ग्रीटच्याच इस्पितळात. हृदयाचे आलेख काढणं हे तिचं काम. योरिसचा कागद सरकत बाहेर आला आणि ती तो पुन्हा पुन्हा पाहू लागली.

"काय झालं?"

"ठोके चुकतायत. एकदा नाही... तीनदा."

तो उठून बसला. दाराकडे पाहून हळूच म्हणाला, "तीन आठवडे, ग्रीट. आपल्या गावावरून जाणारी शर्यत तेवढी होऊ दे. मग मीच सोडतो. हा कागद फाड, दुसरा काढ... नीट येईपर्यंत."

"आणि वाटेत कोसळलास तर?"

"या वयात पुन्हा कुठला संघ मला घेणार? ही शेवटची शर्यत, एवढंच मागतोय."

तिचे डोळे भरून आले. तिने त्याच्या ओल्या केसांवरून हात फिरवला, कागद उचलला आणि डॉक्टरांच्या खोलीत नेऊन दिला.

बाहेर आली तेव्हा तो सदऱ्याची बटणं लावत होता. "संपवलंस मला," एवढंच म्हणाला आणि निघून गेला.

डॉक्टरांनी त्याची सायकल कायमची बंद केली. तो फिरकला नाही. सवयीने ती दोघांपुरतं सूप करत राहिली, सकाळी ओतून देत राहिली.

शर्यतीच्या दिवशी ती कुंपणाशी भिजत उभी होती. शेजारी कुणीतरी येऊन थांबलं. रेनकोटातला योरिस. गालफडं बसलेली, दाढी वाढलेली. मग घोंगावत सायकलींचा घोळका आला, चिखल उडाला, आणि रस्ता मोकळा.

"एवढंच?" तो चकित झाला. "यासाठी तुम्ही बघणारे लोक तासन्‌तास उभे राहता?"

"दर वर्षी."

त्याचा चेहरा वेडावाकडा झाला. तो रडत होता. लपवतही नव्हता.

"मी तुला माफ केलेलं नाही, ग्रीट."

"माहीत आहे."

"आवडतेस, ते मात्र जात नाही... काय करू?"

तिने आपला गारठलेला हात त्याच्या खिशात सरकवला. त्याने तो धरला नाही. पण काढूनही टाकला नाही. बऱ्याच वेळाने त्याची बोटं तिच्या हाताभोवती हळूच मिटली.