अकराव्या पानावरचा निकाल

सर इमारतीखाली फरशीवर पालथे पडले होते. तिसऱ्या मजल्यावरची त्यांची गॅलरी सताड उघडी होती.

"निवृत्त, एकटा माणूस. उडीच मारली असणार," हवालदार म्हणाले.

"बाबा उडी मारणार नाहीत," सरांची मुलगी इन्स्पेक्टरबाईंना म्हणाली. "दुपारीच फोन झाला होता. म्हणाले, नोट्स परस्पर विकणारा आज संध्याकाळी माझ्या सापळ्यात पाय टाकेल."

सर कायद्याच्या परीक्षेच्या नोट्स काढून विकत. या वर्षी घेणारे दोघंच होते.

"कसला सापळा?"

"ते नाही सांगितलं. पण नोट्समध्ये ते कोर्टाचा एक निकाल मनचा घालायचे. विकत घेणाऱ्याला परीक्षेआधी घरी बोलावून सांगायचे, हा खोटा, खोड. फोनवर कधीच नाही. चोरून वाचणारा तोंडावर पडायचा." ती थांबली. "त्यांनी स्वतःहून केलं नसेल ना, बाई?"

बाईंनी नोट्स घेणाऱ्या दोघांनाही नोट्ससकट बोलावून घेतलं.

दोन वेळा नापास झालेली म्हणून मित्र जिला 'दुबार' म्हणत, ती आधी आली.

"पैसे देऊन नोट्स कशाला? बाहेर स्वस्तात मिळतात," बाई म्हणाल्या.

"कागद मिळतात. प्रश्न अडला की सर तासभर बसायचे, ते नाही मिळत." तिनं डोळे पुसले. "आदल्या दिवशी मी त्यांच्या घरी गेले होते. सातव्या पानावरचा खोडायला सांगितला."

दुसरा होता टॉपर.

"सरांकडे कधी गेलास?"

"नोट्स कॉलेजातच दिल्या त्यांनी. घरी गेलोच नाही अजून. खरं सांगू? पैसे वायाच गेले."

बाईंनी त्याच्या नोट्स चाळल्या. "अकराव्या पानावरचा निकाल का खोडलास?"

"खोटा आहे. पुस्तकात तपासला मी."

दुसऱ्या दिवशी बाईंनी त्याला परत बोलावलं. टेबलावर दोघांच्या नोट्स होत्या.

"दुबारनं खोडलेला निकाल कुठल्याच पुस्तकात नाही. तू खोडलेला मात्र पुस्तकात आहे. मी स्वतः लायब्ररीत काढून वाचला. पुस्तक उघडलं असतंस, तर त्यावर रेघ मारली नसतीस."

"सरांनी खरा निकाल खोटा म्हणून फक्त तुलाच सांगितला. तोच निकाल गाळून नोट्स बाजारात आल्या की चोर तू, एवढाच सापळा. आणि सर हे घरीच सांगत. तू त्या संध्याकाळी तिथं होतास."

"निघालो होतो मी," तो म्हणाला. "दारात आलो आणि त्यांना राहवलं नाही. विचारलंच, विकतोस का रे? कॉलेजला कळवतो म्हणाले, गॅलरीत फोन घेऊन गेले. मला वकिलीची सनद मिळाली नसती, मॅडम. मी नुसता फोन ओढत होतो."

"आणि ते पडल्यावर?"

"दार ओढून घेतलं."

बाईंनी मुलीला फोन लावला. सगळं सांगितलं.

"म्हणजे स्वतःहून नाही गेले."

"नाही."

"बरं," ती म्हणाली. तिनं फोन ठेवला नाही. बाईंनीही ठेवला नाही.