बंद शाखेतला दुसरा माणूस

ही कुणाकडून ऐकलेली गोष्ट नाही. माझ्या डोळ्यांसमोर, माझ्याच पडद्यावर घडली. पटली नाही तर सोडून द्या. मला मात्र ते जमलेलं नाही.

रविवारची भरदुपार. ऑफिसात मी एकटा.

दूरच्या शाखांमधल्या कॉम्प्युटरवर लक्ष ठेवणं हे माझं काम. कुठलं मशीन तापलं, कुठलं मंदावलं, सगळं इथे बसून दिसतं. दारावरचा सेन्सर आत किती माणसं आहेत तेही मोजतो.

त्या दिवशी कायमच्या बंद केलेल्या एका शाखेतलं शेवटचं मशीन काढायला माझे दाजी गेले होते. ताईचे यजमान, आमच्याच कंपनीत तंत्रज्ञ.

आमची एक पद्धत आहे. माणूस जागेवर काम करत असला की त्या शाखेचे धोक्याचे इशारे बंद ठेवायचे. नाहीतर उगाच ठणाणा. सवयीने मीही बंद केले.

तिथेच चुकलं.

चहा घेऊन आलो, सहज त्या शाखेवर नजर टाकली...

आत : २.

फोन लावला. "दाजी, बरोबर कुणी आहे का?"

"कोण असणार? तुमच्या ताईला चल म्हटलं, तर म्हणाली, वायरींशीच संसार करा!"

मी इशारे पुन्हा चालू केले. साचलेले सगळे एकदम कोसळले.

खोली झपाट्याने गार होत होती.

दार एकदाच उघडलं होतं. दाजी आले तेव्हा.

एकाचे दोन झाले होते... ते त्यानंतर.

"दाजी, तुम्ही आधी ते मशीन बंद करा."

"मेहुणे, झोपलात का? ते कधीच काढून पिशवीत भरलंय."

माझ्या हातातला कप तसाच राहिला.

त्या शाखेचे सगळे आकडे त्याच मशीनमधून यायचे.

मग आता पाठवत कोण होतं?

"दाजी, निघा. आत्ता."

"अहो, स्क्रू तरी..."

"खड्ड्यात गेले स्क्रू! बाहेर पडा!"

माझा आवाज ऐकून ते निघाले. फोनवर बुटांचा आवाज येत होता.

"थांबा, किल्ली सापडत नाहीये," ते म्हणाले. थांबले.

पावलं थांबली नाहीत...

मग दार उघडलं. आपटून बंद झालं. "बसलो गाडीत. काय झालं काय तुम्हाला?"

मी सुटकेचा निःश्वास सोडला. दोघांतला एक बाहेर आला होता. आत एक उरायला हवा होता.

पडद्याकडे पाहिलं.

आत : ०.

रात्री ताईचा फोन आला.

"अरे, यांच्याबरोबर कुणी येणार होतं का जेवायला? आणखी एक ताट वाढ म्हणतात. कुणासाठी विचारलं, तर गप्प."

मी फोन ठेवला.

ताई अजूनही रोज ते ताट वाढते. आता तीही विचारत नाही.

मी त्या घरी पुन्हा गेलेलो नाही.