दोन टाक्या आणि एक मिटलेलं प्रवाळ

टाक्या एकाच दुकानातल्या, वाळू तीच, दगड तेच. प्रवाळाचे दोन्ही तुकडेही एकाच दिवशी आलेले. तरी शार्दूलचं प्रवाळ रोज सकाळी छान उघडायचं आणि नुपूरचं मात्र मूठ आवळून बसलेलं. असं का व्हावं?

नुपूर घरतच्या मते उत्तर सोपं होतं. शार्दूल, म्हणजे शेजारच्या घरातला तिचा चुलत भाऊ, नक्की काहीतरी लबाडी करत होता.

समुद्र तापून प्रवाळं (समुद्राच्या तळाशी दगडी घरं बांधणारे इवले प्राणी) मरू लागली, तेव्हापासून उरणच्या प्रवाळ केंद्राने मुलांना तुकडे वाढवायला द्यायला सुरुवात केली होती. तुकडा वाढला की तो मालवणच्या समुद्रात लावायचा आणि खाली त्या मुलाच्या नावाची पाटी! नुपूरला ती पाटी हवी होती. खरं सांगायचं तर, शार्दूलच्या आधी हवी होती.

म्हणून तर तिने सगळ्यात छोटी टाकी निवडली होती. सगळं एकातच असलेली. मागच्या काळ्या भिंतीआड गाळणी, पाणी फिरवणारा पंप, पाणी कोमट ठेवणारी कांडी. छोटी टाकी लवकर तयार होणार, असा तिचा हिशेब. पण दगडांवर उपयोगी जिवाणू (टाकीतली घाण पचवून पाणी निर्धोक करणारे सूक्ष्म जीव) वसायला लागायचा तेवढा वेळ लागलाच. शार्दूलची टाकी मोठी असूनही दोघांना तुकडे एकदमच मिळाले. तेव्हाच नुपूरच्या पोटात दुखायला लागलं होतं.

आणि आता हे! केंद्राची टिटवी, म्हणजे लांब काटकुळ्या पायांचा तपासनीस यंत्रमानव, कालच सांगून गेली होती, "रविवारपर्यंत हे प्रवाळ उघडलं नाही, तर ते शार्दूलच्या टाकीत हलवावं लागेल."

शार्दूलच्या टाकीत! नुपूरच्या अंगाचा तिळपापड झाला. ती काकांच्या खिडकीशी दबा धरून बसली. शार्दूल आला. त्याने टाकीतलं पाणी किती उतरलंय ते पाहिलं आणि पाणी शुद्ध करायच्या यंत्रातून तांब्याभर पाणी घेऊन ओतलं.

गोडं पाणी! समुद्राच्या जिवाला गोडं पाणी! नुपूरला हसू आवरेना. मूर्ख कुठला. आता मरतंय त्याचं प्रवाळ. त्याला सांगावं असं क्षणभर वाटलं, पण ती गुपचूप घरी आली.

ती स्वतः रोज केंद्राच्या नळावरून समुद्राचं गाळलेलं पाणी आणून घालत असे. घरतांचं मिठागर होतं. वाफ्यातलं पाणी आटलं की भरतीचं पाणी आत घ्यायचं, हे ती लहानपणापासून बघत आलेली. यात चुकायचं काय?

शनिवारी टिटवी आली. तिने टाकीत चोच बुडवली. "क्षारता (पाण्यात किती मीठ विरघळलंय त्याचं माप) फार वाढली आहे, नुपूरताई."

"वाढली? मग चांगलंच की! मिठागरात वाढली की बाबा खूश होतात."

"बाबांना मीठ हवं असतं. प्रवाळाला नको असतं. टाकीतलं पाणी रोज थोडं कमी होतं, ते कुठे जातं?"

"वाफ होऊन हवेत."

"यालाच बाष्पीभवन म्हणतात. आणि त्यातलं मीठ?"

"ते कुठे जाणार? खालीच..." नुपूर थबकली. वाफ्यात उन्हाने पाणी उडतं, मीठ मागे राहतं. मग भरतीचं पाणी, म्हणजे आणखी मीठ. ते पाणी उडतं, तेही मीठ मागे राहतं. असं करत करत शेवटी पांढरे ढीग.

"अगं बाई! मी टाकीत मिठागरच केलं!"

"हो. आणि टाकी छोटी. मोठ्या पातेल्यातल्या आमटीत चमचाभर मीठ जास्त पडलं तर चालून जातं, वाटीभर आमटी मात्र खारट होते. उडून जातं ते नुसतं पाणी, म्हणून भर घालायची तीही नुसत्या पाण्याची."

"मग आत्ता बादलीभर गोडं पाणी ओतते."

"नको. एकदम बदल त्याला सोसणार नाही. थोडं खारं पाणी काढा, तेवढंच शुद्ध पाणी घाला. मग थांबा. मग पुन्हा."

शुद्ध पाण्याचं यंत्र होतं काकांकडे. नुपूर दारात जाऊन उभी राहिली. मान वर होत नव्हती.

"काय गो? पाणी पायजे?" शार्दूल म्हणाला आणि भरलेला कॅन पुढे केला. तयारच होता.

"तुला कसं कळलं?"

"पंधरा दिवस बघतोय, नळावरनं कॅन भरून नेतेस ते."

"आणि बोलला नाहीस?" नुपूर किंचाळली. "माझं प्रवाळ मेलं असतं!"

शार्दूलचे कान लाल झाले. "तुझं जांभळं आहे. माझं तपकिरी. मला जांभळं हवं होतं. तुझ्याकडे उघडलं नाही तर माझ्या टाकीत येईल, असं वाटलं."

नुपूरने कॅनची कडी धरली. मग हळूच ती म्हणाली, "मी तुला गोडं पाणी ओतताना पाहिलं. वाटलं, मरेल तुझं. मीपण नाही बोलले."

दोघांनी मिळून कॅन उचलला. दिवसभर थोडं काढायचं, थोडं घालायचं, थांबायचं, असं चाललं.

रविवारी टिटवी आली तेव्हा जांभळ्या तुकड्यावर तीन इवली तोंडं उघडली होती. बाकीची अजून मिटलेली.

"सुधारतंय. इथेच राहू दे," टिटवी म्हणाली. "पावसाळा संपला की दोन्ही तुकडे एकाच खडकावर लावू."

शार्दूल काचेला नाक लावून त्या जांभळ्या तोंडांकडे बघत होता. जळत होता बिचारा. नुपूरला ते फार आवडलं, आणि ती थोडी सरकून त्याला तुकडा नीट दिसेल अशी बसली.