ओळ तुटते तिथे

ही घटना खरी आहे. पटली तर घ्या, नाहीतर सोडून द्या. मी स्वतः तिसऱ्या रांगेत बसलो होतो.

आणि हो, रात्र नव्हती. अमावास्या तर मुळीच नव्हती. रविवारची भर दुपार, वाचनालयाचा वरचा हॉल आणि डोक्यावर गरगरणारे पंखे.

सत्कार होता माझ्या बायकोच्या मामांचा. घरात त्यांना सगळे कविराज म्हणतात.

त्यांच्या कवितेची एक खासियत आहे. ओळ मध्येच तुटते. अर्ध्यावर थांबते, मग पुढे जाते. जाणकार त्यावर तासभर बोलतात. कविराज नुसते हसायचे.

कारण ती ओळ का तुटते, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

त्यांची थोरली बहीण, म्हणजे माझी सासू, लोकांचे कपडे शिवायची. मशीनला पाय लागला की खड... खड... आणि ताईचं पुटपुटणं सुरू. शिवण संपली की पाय थांबायचा. ती वाकून दातांनी दोरा तोडायची...

टक्!

मग पुढचे शब्द.

कविराज चहाचा कप घेऊन तिच्या मागे स्टुलावर बसायचे.

"ताई, काय म्हणालीस आत्ता?"

"काही नाही रे. हात चालले की माझी जीभही चालते, झालं!"

मग ते गॅलरीत जाऊन सगळं जसंच्या तसं उतरवायचे. त्यांचं स्वतःचं काय? खालची सही.

पहिलं पुस्तक त्यांनी तिच्याच हातात दिलं. ताईने दोन पानं वाचली. पुस्तक मिटून बाजूला ठेवलं.

"कागद छान आहे रे," एवढंच म्हणाली, आणि मशीन सुरू केलं.

त्यानंतरही ती पुटपुटत राहिली. जरा मोठ्यानेच.

गेल्या वर्षी ताई गेली.

तर त्या दुपारी सूत्रसंचालक बाईंनी विचारलं, "कविता सुचते कशी तुम्हाला?"

उत्तर वर्षानुवर्षं पाठ होतं. "एकांत लागतो. शांतता लागते. मग आतून कुठूनतरी..."

खड... खड... खड... खड...

कुणी पंख्याकडे पाहिलं. माईकवाल्याने वायर हलवून बघितली. कविराजांनी मात्र कुठेच पाहिलं नाही. तो आवाज त्यांच्या पाठीमागून येत होता. अगदी खुर्चीला लागून.

तेवढ्यात माझी बायको उभी राहिली.

"मी एक सांगू? आई गेल्यापासून मामांनी एक ओळही लिहिली नाही. इतका जीव होता त्यांचा आईवर!"

हॉलने टाळ्या वाजवल्या.

धरणीने पोटात घ्यावं असं झालं कविराजांना. एकच वाक्य बोलायचं होतं. नाही गं बाळा, ते सगळं तुझ्या आईचंच होतं. इतकंच.

त्यांनी डोळे टिपले आणि मान डोलावली.

आवाज थांबला.

टक्!

बाईंनी कविता वाचायची विनंती केली. त्यांनी पुस्तक उघडलं. पहिली ओळ अर्ध्यावर आली...

टक्!

दुसरी ओळ...

टक्!

तिसऱ्या ओळीला त्यांनी तोंडावर हात दाबला. मग दोन बोटं आत घालून जिभेखालून काहीतरी ओढलं. ओढतच राहिले.

निळा दोरा होता. ओला. टोकाला दातांनी चावलेला.

लोकांना वाटलं, म्हातारा गहिवरला. पुन्हा टाळ्या!

संध्याकाळी ते आमच्या घरी आले. ताईचं मशीन आमच्याकडेच आहे, आतल्या खोलीत. आमचं कार्टं बोटं घालतं म्हणून बायकोने त्याचा पट्टा काढून ठेवलाय. पट्ट्याशिवाय मशीन चालत नाही, हे सांगायला नकोच.

कविराज त्याच्यासमोर उभे राहिले.

"बाळा, तुझी आई..."

टक्!

"काय मामा?"

"काही नाही. पुस्तकाचा कागद छान आहे, म्हणाली होती ती."

खाली सोडायला गेलो तेव्हा जिन्यात त्यांनी मला हे सगळं सांगितलं. कठडा घट्ट धरला होता.

"लाज वाटते हो, जावईबापू. ती रागावली असती तर बरं झालं असतं. पण ती दोरा तोडते आणि थांबते. पुढचं मी बोलावं म्हणून थांबते. आणि माझ्या तोंडून शब्द फुटत नाही."

त्यानंतर ते आमच्याकडे फिरकलेले नाहीत.

बायको अजूनही येणाऱ्या-जाणाऱ्याला मामांची पुस्तकं कौतुकाने दाखवते. तिला खरं काय ते सांगायला मी दोनदा तोंड उघडलं. दोन्ही वेळा आतल्या खोलीत टक् झालं, आणि जिभेखाली काहीतरी लागलं...

बारीक. ओलं.

मी ते बाहेर काढून पाहिलं नाही. गिळून टाकलं.