स्कारोयवरचा फेर

पाहुणे फिरवायचा सुन्वाला कधी कंटाळा आला नाही. सकाळी टोर्सहाव्नच्या जुन्या धक्क्यावर, डांबर फासलेल्या काळ्या घरांमधून ती पुढे चालू लागली की वाटावं, ही घरं हिनंच बांधली आणि छपरांवरचं गवतही हिनंच पेरलं. दुपारी ती सगळ्यांना होडीनं स्कारोय बेटावर न्यायची. तिथं मात्र तिचा आवाज आपोआप खाली यायचा. स्कारोय तिच्या पणजीचं गाव. आता तिथं कुणीच राहत नव्हतं.

त्या दिवशीच्या पाहुण्यांत कोपनहेगनचा प्रेबेन नावाचा एक म्हातारा व्यापारी होता. माणूस फटकळ. सुन्वाच्या मामानं, हेरालवुरनं, त्यांना बेटावर उतरवलं आणि होडी परत नेली. वर चढून आल्यावर प्रेबेननं चहूकडे नजर फिरवली.

"अहो बाई, बघायचं काय इथं? पडक्या भिंती आणि मेंढ्या?"

"माणसं बघायची," सुन्वा म्हणाली.

मग तिनं सांगितलं. एका वसंतात गावातले सगळे पुरुष मासेमारीला गेले ते परत आलेच नाहीत. एकाचंही प्रेत सापडलं नाही. बायकांना न्यायला मोठ्या बेटावरून होड्या आल्या, तेव्हा बायका म्हणाल्या, "गवत कापायचं राहिलंय, आत्ता वेळ नाही." आणि राहिल्या. वल्ही त्यांनीच मारली, पक्षी धरायला दोरावरून कड्यावर त्याच उतरल्या. पुढे म्हाताऱ्या झाल्या, तेव्हा कुठे त्यांनी बेट सोडलं.

"कुणापुढं हात पसरला नाही त्यांनी," सुन्वा म्हणाली. तिची मान नकळत ताठ झाली होती.

"पण गेल्याच ना शेवटी?" प्रेबेन हसला.

सुन्वाचे कान तापले. ती काही बोलणार तोच मामाचा फोन आला.

"पोरी, धुकं उतरतंय. सगळ्यांना घेऊन आत बस. निवळलं की येतोच मी. तोवर कुणाला कड्याकडे फिरकू देऊ नकोस."

छप्पर शाबूत असलेलं घर एकच होतं, पणजीचं. ते आत शिरले आणि मागोमाग खिडक्या पांढऱ्या झाल्या. समुद्राचा आवाज बंद पडला. ओल्या लोकरीचा आणि वाळवलेल्या मटणाचा वास तेवढा भिंतींतून येत राहिला. माणसं गारठू लागली.

"चला, फेर धरू," सुन्वा म्हणाली. "आमच्याकडे वाद्यं नाहीत. पाय आपटायचे, तोच ढोल. मी पोवाडा म्हणते, पालुपद सगळ्यांनी उचलायचं. डावा, डावा, उजवा... बस, एवढंच."

"तुमचं चालू द्या," प्रेबेन म्हणाला. "मी दारात उभा राहून सिगारेट ओढतो."

"दारातच हं."

एकमेकांचे हात धरून सगळे उभे राहिले. गाणारीनं साखळीच्या टोकाला राहायचं असतं, त्यामुळे सुन्वाचा डावा हात मोकळा होता. तिनं सूर लावला. जमीन घुमू लागली. पाहुणे आधी लाजले, मग हसले, मग त्यांचे पाय जुळले.

काही कडवी झाली असतील. पालुपद आलं आणि सुन्वाला जाणवलं, की ते फार खालच्या आवाजात उठतंय. तिच्याबरोबर बायकाच जास्त होत्या. हे आवाज पुरुषांचे होते... भरदार, मिठानं खरवडलेले. पायांचा आवाजही पाहुण्यांच्या बुटांचा वाटेना.

आणि मग तिचा डावा हात कुणीतरी धरला.

हात ओला होता. तळव्यावर दोरांनी पाडलेल्या जुन्या खाचा तिच्या बोटांना लागल्या. तिनं मान वळवली नाही. पोवाडा मध्येच टाकायचा नसतो, हे तिला पणजीच्या लेकीनं, म्हणजे तिच्या आजीनं, पाळण्यातच शिकवलं होतं. ती गात राहिली. हात तिला ओढत दाराकडे नेऊ लागला.

दारात प्रेबेन नव्हता.

फेर धुक्यात बाहेर पडला. पायांखाली उतरण लागली, गवत निसरडं झालं. खालून लाटांचा आवाज आता स्पष्ट येत होता. कडा! ओरडावं असं तिच्या मनात आलं, पण तोंडातून पुढचंच कडवं निघालं. हात खेचतच होता.

तेवढ्यात समोर एक पाठ दिसली. प्रेबेन. त्याचा एक पाय कड्याच्या अगदी टोकाच्या गवतावर होता आणि दुसरा त्यानं उचलला होता. धक्क्याची वाट समजून तो चालला होता. साखळी त्याच्या मागून वळली, तिनं त्याला हाताला धरून मध्ये घेतलं, आणि ती तशीच फिरून घराकडे चढू लागली. सुन्वाच्या छातीत भीती होती, पण त्या भीतीतही तिचा ऊर भरून आला. आपली माणसं! आल्यागेल्याला अजून सांभाळतायत.

उंबरठ्याशी तिचा डावा हात सुटला.

धुकं विरलं. पाहुण्यांना एवढंच वाटलं, की बाईंनी नाचवत बाहेर नेऊन आणलं. हेरालवुर आला, सगळे होडीत बसले. प्रेबेनचा चेहरा चुन्यासारखा झाला होता. बऱ्याच वेळानं तो सुन्वाकडे सरकला.

"बाई, माझा हात एका म्हातारीनं धरला होता. आपल्यात म्हातारी नव्हती ना? ती तुमच्या भाषेत काहीतरी म्हणाली."

"काय म्हणाली?"

त्यानं ते बोल अडखळत उच्चारले. सुन्वाला अर्थ लागला. 'हा आपला नाही, सोडा याला. आपली ती, पुढं गाणारी.'

"काय अर्थ?"

"या बसा, म्हणाली," सुन्वा म्हणाली.

हेरालवुरनं एकाएकी इंजिन बंद केलं. होडी नुसतीच हिंदकळू लागली.

"पोरी," तो हळूच म्हणाला, "कुणाला मागं सोडलंस का गं?"

मागे उन्हात स्कारोय लख्ख दिसत होतं. पाण्यावरून पाय आपटल्याचा आवाज येत होता, आणि पुरुषांचं पालुपद. मग ते थांबलं आणि एकट्या बाईनं पुढचं कडवं उचललं.

सुन्वाचे ओठ घट्ट मिटलेले होते. आवाज तिचाच होता.